आमची वाटचाल : महापुरातल्या ओम्नीपासून

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात शिरलं, तेव्हा आम्ही पाच जण आप्पांच्या जुन्या ओम्नीत बसून बाहेर पडलो. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी 43 फूट. त्या आठवड्यात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. एका मंगल कार्यालयात पूरग्रस्तांची सोय केली होती, पण हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आईला दमा आहे. एवढ्या माणसांत, ओल्या कपड्यांच्या कोंदट वासात तिचा श्वास चढायला लागला. आप्पांनी ओम्नीचं मागचं सीट आडवं पाडलं, वर सतरंजी अंथरली आणि आई व माझी मुलगी तिथं झोपल्या. अशा पाच रात्री गेल्या.

पंपिंग स्टेशनं पाण्याखाली होती म्हणून नळ कोरडे, आणि वीज तर पहिल्याच दिवशी गेली. आईचं नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा फवारा श्वासातून देणारं यंत्र, आम्ही पिशवीत घालून आणलं होतं, औषधही होतं, पण यंत्र लावायला प्लग नव्हता. दोनदा मध्यरात्री तिला घेऊन जनरेटर असलेला दवाखाना शोधत फिरलो. पुढं हिशेब केला तेव्हा कळलं, ते यंत्र 150 वॅटचं आणि चालवायचं दहा मिनिटं, म्हणजे 25 वॅट-तास. साधा मोबाइल एकदा चार्ज करायला लागते जवळजवळ तेवढीच वीज. एवढ्याशा विजेसाठी मी आईला पुराच्या रात्री गावभर फिरवलं, हे मनातून जात नाही. आमचा आजचा व्यवसाय, म्हणजे रोजच्या वापरातल्या गाडीत झोपायची, स्वयंपाकाची आणि विजेची सोय करणारं, काढता-घालता येणारं किट बनवणं, तिथून सुरू झाला.

मूळ धंदा कुशनचा. शिवाजी उद्यमनगरात आप्पांचं दुकान. ट्रकच्या केबिनची सीटं, छताचं अस्तर, ड्रायव्हरच्या पाठीमागची झोपायची फळी, तिच्यावरची गादी. मी शाळेतून आलो की त्या गाद्यांत काथ्या भरायचो. आठ-आठ दिवस केबिनमध्ये राहणारे ड्रायव्हर आप्पांना नेमकं सांगायचे : फळीची कड मांडीला रुतते, डोक्याशी खिळा नको, स्टोव्हचा कप्पा दाराबाहेरून उघडता आला पाहिजे. गाडीत राहण्याचं शास्त्र मी शिकलो ते या माणसांकडून. पुढं परदेशातल्या कॅम्पर गाड्यांचे व्हिडिओ पाहिले तेव्हा त्यातलं निम्मं मला ओळखीचं वाटलं.

2020 च्या टाळेबंदीत दुकानाला कुलूप होतं. हाताला काम नाही म्हणून मी ओम्नीसाठी पहिली पेटी बनवली आणि त्यात करता येतील तेवढ्या चुका केल्या. 18 मिलिमीटरचं प्लायवूड वापरलं. आठ बाय चारचा एक शीट 30 किलोच्या पुढं भरतो, मी साडेतीन शीट लावले. 796 सीसीचं इंजिन आंबा घाटात अक्षरशः रडलं. त्याच घाटात ड्रॉवरची कडी सुटली आणि भांड्यांसकट ड्रॉवर मागच्या दारावर आदळला. वीज म्हणून घरच्या इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी आडोशाला ठेवली होती. ती निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे निम्मं वजन आम्ही उगाच वाहत होतो. आजच्या आमच्या किटमध्ये ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, 9 मिलिमीटरच्या फळ्या आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असते. ड्रॉवरला दोन कड्या, त्यातली एक गुरुत्वाकर्षणानं आपोआप पडणारी. दुसरी कडी सुचली ती आंबा घाटामुळे.

त्या पहिल्या पेटीच्या वेळी मी ड्रिल मशीन घेऊन गाडीत शिरलो आणि आप्पांनी वायर काढून घेतली. म्हणाले, "गाडीला भोक पाडायचं न्हाई. आज भोक पाडलंस की दोन पावसाळ्यांत तिथनं गंज बाहेर येतोय. आनि सोमवारी मला हिच्यात कापड आणायला जायचंय."

आमच्या कामाचा पाया म्हणजे हे वाक्य. आमच्याकडे येणारी गाडी शौकाची नसते. तीच गाडी मुलांना शाळेत सोडते, दुकानाचा माल आणते, लग्नाला नातेवाईक नेते. म्हणून आम्ही पत्रा कापत नाही, वेल्डिंग मारत नाही, नवीन भोक पाडत नाही. किट सामानासारखं आत जातं, कंपनीनं दिलेल्या बोल्टच्या जागी आवळलं जातं आणि सहल झाली की वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर येऊन सीट परत आपल्या जागी बसतं. कायद्याच्या दृष्टीनंही हेच बरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत फेरफार मालकाला मनानं करता येत नाही. राज्यानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा पुष्कळ जण विचारायला आले की आता छत कापून उंच करता येईल का. मी त्यांना नाही म्हणून परत पाठवलं. त्यातली दोन कामं चांगल्या पैशांची होती. तेव्हा घरात चणचण होती, तरी तो नकार बरोबरच होता असं मी आजही मानतो.

पहिलं बाहेरचं काम मिळालं ते इचलकरंजीच्या एका शिक्षक दांपत्याचं. पक्ष्यांचे फोटो काढायचा दोघांना नाद. गाडी मारुतीची ईको, पाच सीटची. ओम्नीपेक्षा ईको तीस सेंटिमीटरनं लांब. पुढची सीटं सरकवली की मागं जेमतेम सहा फूट निघतात. त्यांना 15 लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज हवा होता, कारण सरांचं इन्सुलिन थंड ठेवायचं होतं. आम्ही सगळं बसवलं, दुकानात दोन दिवस चालवून पाहिलं, चोख चाललं. तारकर्लीला गेल्यावर पहाटे फ्रिज बंद. बॅटरी साठ टक्के भरलेली, तरी फ्रिजवर कमी व्होल्टेजचा दिवा. मी तशीच गाडी काढून फोंडा घाटानं खाली उतरलो. बर्फात ठेवल्यामुळे इन्सुलिन वाचलं, पण सरांच्या पत्नीचा चेहरा मला विसरता येत नाही.

चूक तारेची होती. घरात 230 व्होल्टवर काम केलेल्या माणसाला 12 व्होल्टचा स्वभाव कळत नाही. तेवढ्याच वॅटसाठी करंट वीसपट वाहतो, आणि बारीक तार व्होल्टेज वाटेतच खाते. पाच मीटर लांब नेलेल्या 1 स्क्वेअरच्या (म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या) तारेत, जाऊन-येऊन दहा मीटर धरले, तर 5 अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट गळतो. कॉम्प्रेसर सुरू होताना घोट मोठा घेतो, त्या क्षणी व्होल्टेज आणखी खाली जातं आणि फ्रिज स्वतःला वाचवायला बंद होतो. दुकानात तार दीड मीटरच होती, म्हणून दोष दिसलाच नव्हता. आता फ्रिजला 6 स्क्वेअरची स्वतंत्र तार, बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत फ्यूज, आणि लग्ज (तारेच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या टोप्या) पक्कडीनं दाबून नव्हे तर हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबलेले. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी मी स्वतः एक रात्र तिच्यात झोपतो.

बॅटरीनंही एकदा फसवलं. एका विक्रेत्याकडून आणलेल्या बॅटऱ्यांवर 100 अँपिअर-अवर छापलेलं होतं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्यावर आम्ही साधी कसोटी लावली : हेडलाइटचे दोन बल्ब, दोन्ही मिळून 110 वॅट. 12.8 व्होल्टची 100 अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे 1,280 वॅट-तास. बल्ब साधारण साडेअकरा तास जळायला हवेत. त्या बॅटऱ्यांवर ते सात तासांत विझले. पैसे परत मिळाले नाहीत, तरी चारही बॅटऱ्या बदलून देण्याचा खर्च आम्ही सोसला. तेव्हापासून आलेली प्रत्येक बॅटरी दुकानाच्या मागच्या भिंतीला बल्बांसमोर बसते, आणि किती तास टिकली ते तिच्याच अंगावर मार्करनं लिहिलेलं असतं. लोक मुद्दाम तो आकडा वाचतात.

आता येणाऱ्या माणसाला मी आधी गाडी दाखवत नाही, कागद देतो आणि दिवसाची वीज लिहायला सांगतो. उन्हाळ्यात फ्रिज साधारण 300 वॅट-तास, रात्रभर दोन छोटे पंखे 80, दिवे 40, चार मोबाइल 80. बेरीज 500. म्हणजे ऊन नसलं तरी एक बॅटरी दोन दिवस पुरते. कॅरिअरवर आडवं ठेवलेलं 100 वॅटचं सोलर पॅनेल फेब्रुवारी ते मेमध्ये दिवसाला 400 च्या आसपास देतं. जुलैत गगनबावड्याच्या धुक्यात शंभर मिळाले तरी नशीब. पॅनेल आणि छत यांत चार बोटं हवा ठेवतो. तापलं की पॅनेल कमी वीज देतं, आणि त्याच्या सावलीनं छतही निवतं. एसी मागणारे पुष्कळ येतात. कागदावरची बेरीज बघून बहुतेक जण स्वतःच खोडतात आणि रात्रीच्या मुक्कामाला उंचावरची जागा निवडतात.

ओम्नी आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. लांबच्या प्रवासात तिथली फरशी तापते, म्हणून बॅटरी आम्ही पार मागं डाव्या कोपऱ्यात नेली. सीएनजीची गाडी असेल तर टाकीच्या वाऱ्यालाही जात नाही. गॅसच्या बाबतीत मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही. स्वयंपाक मागचं दार वर उचलून, उभ्यानं, गाडीच्या बाहेर. पाऊस असला तर दाराला ताडपत्रीचा पदर लावून देतो. बंद गाडीत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याचा वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. थंडीत ऊब यावी म्हणून शेगडी आत घेऊ का, असं विचारणाऱ्याला मी जाड गोधडी शिवून देतो.

गोधडी, पडदे, जाळ्या हा सगळा विभाग माझ्या पत्नीचा. महाबळेश्वरला दोघं झोपलो आणि पहाटे काचांवरून पाणी ओघळत होतं, गादीची कड भिजलेली. ते पाणी आमच्याच श्वासाचं होतं. तिनं सरकत्या दाराच्या खिडकीला चुंबकाची कड असलेली मच्छरदाणी शिवली, आता काच चार बोटं उघडी राहते. दुसरी गोष्टही तिचीच. मी फ्रिज, बॅटरीच्या गप्पा मारत होतो तेव्हा ती म्हणाली, "अहो, बाईमाणूस रात्री जाणार कुठं, ते आधी ठरवा." मला ते सुचलं नव्हतं. आता प्रत्येक किटमध्ये घडीचा कमोड आणि मागच्या दाराला अडकवायचा उंच पडदा असतोच, वेगळे पैसे न घेता. बायका चौकशीला येतात तेव्हा हे पाहिल्यावर त्यांचं सहलीला जायचं ठरतं, हे मी कितीदा पाहिलं आहे.

सगळ्यात अवघड काम वारीचं होतं. आमच्या पंचक्रोशीतल्या एका दिंडीला सोबतच्या ईकोत वारकऱ्यांचे मोबाइल चार्ज करायची सोय हवी होती. ढगाळ आषाढ, म्हणजे सोलरचा भरवसा नाही. रोजचे चाळीस फोन, एकाला गळती धरून 25 वॅट-तास, म्हणजे हजार. गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावरून) घ्यावं, तर गाडी थोडी पुढं जाऊन तासन्‌तास उभी, आणि उभ्या गाडीचं इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तर अल्टरनेटर थोडाच करंट देतो. लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती हवा तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. शेवटी मध्ये करंटला आवर घालणारा 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घातला, बॅटऱ्या दोन केल्या आणि इन्व्हर्टर काढूनच टाकला. 12 व्होल्टवरून सरळ यूएसबी दिलं, म्हणजे उलटापालटीत जाणारी वीज वाचली. मुक्कामाच्या गावी कुणाच्या तरी ओट्यावरून रात्री प्लग मिळायचा, त्यात उरलेली भर. एका आजींनी पंढरपुरातून फोन केला होता, घरी नातू झाल्याचं त्यांना आमच्या गाडीतल्या चार्जिंगमुळे वाटेतच कळलं होतं. त्या कामात आम्ही मजुरी लावली नाही.

आज दुकानात आम्ही चौघं आहोत. आप्पांचे जुने कुशन मिस्त्री गाद्या करतात, पाइपचं काम शेजारच्या लेथवाल्याकडे जातं, वायरिंग मी आणि आयटीआयचा एक मुलगा. महिन्याला दोन गाड्यांच्या वर काम घेत नाही, कारण प्रत्येकीत एक रात्र झोपायचं असतं. राधानगरी-दाजीपूरसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री गाडी लावू नका, भांड्यांचं साबणपाणी ओढ्यात ओतू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो. काहींना ते आवडत नाही.

ओम्नी अजून आमच्याकडेच आहे. दर वर्षी मृग लागला की तिच्यातून सीट निघतं आणि लहान किट आत जातं : एक बॅटरी, शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्यासारखी सुरळीत वीज देणारा, 300 वॅटचा इन्व्हर्टर, वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, सतरंजी. सप्टेंबर संपेपर्यंत ते काढत नाही. तेवढे दिवस आप्पा कापड आणायला रिक्षा करतात. बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फुटांची आहे. पाणी 35 वर गेलं की आई स्वतः खाली येते, नेब्युलायझर ओम्नीत लावून दोन मिनिटं चालवून बघते, आणि मगच वर जाऊन पिशवी भरायला घेते.