आमची वाटचाल : चाळीस टेबलांचा हॉल

आमचा सोलापुरात मांडव घालायचा धंदा. वडिलांच्या काळात आमच्याकडे बांबू, ताडपत्र्या, सतरंज्या आणि लोखंडी घडीच्या खुर्च्या एवढंच भांडवल होतं. पंगतीला मोजमाप लागत नसे. माणसामागे दोन फूट धरायचं, वाढप्याला वाट सोडायची, संपलं. गोल टेबल आमच्या गोडाऊनला आलं 2011 साली. पाच फुटी, प्लायचं, खाली घडीचे पाय. कर्ज काढून चाळीस नग घेतले. वडील म्हणाले, "गोल वस्तू चौकोनी खोलीत ठेवायची म्हणजे कोपरे वाया जाणार." त्यांचं मी तेव्हा ऐकलं नाही.

2014 च्या मे महिन्यात होटगी रोडच्या एका हॉलचं रिसेप्शन घेतलं. हॉलच्या पत्रकावर ‘क्षमता 500’ असं छापलेलं. धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, हा आकडा स्टेजकडे तोंड करून रांगेत मांडलेल्या खुर्च्यांचा असतो, टेबलांचा नाही. एवढं मलाही कळत होतं. म्हणून मी आपली अक्कल चालवली. स्टेज आणि बफेची जागा सोडून 48 बाय 83 फूट मोकळं उरत होतं, म्हणजे 3984 चौरस फूट. पाच फुटी टेबल, भोवती खुर्च्या आणि वाट धरून शंभर फूट खातं. भागाकार केला, चाळीस आले. चाळीस टेबलं, आठ-आठ खुर्च्या, 320 पानं. पार्टीला तसं लिहून दिलं.

त्या दिवशी दुपारी मांडायला घेतली तर बत्तिसाव्या टेबलाला हॉल संपला. आठ टेबलं दारात उभी, हमाल माझ्या तोंडाकडे बघतायत. शेवटी ती पार्किंगमध्ये कापड ताणून मांडली. सोलापूरचा मे, संध्याकाळी सातलासुद्धा जमिनीतून वाफ येत होती. आणि तिथे बसले कोण, तर नवऱ्या मुलाकडचे. पुढचं सांगत नाही. निम्मे पैसे बुडाले, ते आजतागायत.

पैशाचं एक वेळ सोडा. आमच्याच गोडाऊनमध्ये खुर्च्या उचलून धंदा शिकलेल्या एकाने त्या पार्किंगमधल्या टेबलांचे फोटो काढले आणि ‘मोजता येत नाही ते मांडव घालतात’ असं लिहून गावभर फिरवले. तीन तारखा रद्द झाल्या. बँकेचा हप्ता थांबला, टेम्पो विकला. वर त्याच हॉलला त्याने पुढच्या महिन्यात चाळीस टेबलं बसवून दाखवली. कशी बसवली ते मी जाऊन बघितलं. दोन टेबलांच्या कडांमध्ये पाच फूट सोडायचे असतात, याने चार सोडले. माणूस बसला की खुर्ची कडेपासून दीड-दोन फूट मागे येते. पाठीला पाठ लागून दोन खुर्च्या आल्या की चार फूट संपले. वाढपी आमटीची बादली डोक्यावर धरून आडवा चालत होता. एका बाईच्या शालूवर काय सांडलं ते फोटोत आलं नाही.

या दिवसांत गोडाऊनला एकच माणूस आला. पूर्व भागातले टॉवेलचे कारखानदार, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. आले, खुर्ची ओढून बसले, म्हणाले, "काय रे, लेक्का कुठे चुकला तुझा?" लेक्का म्हणजे हिशोब. मी भागाकार दाखवला. ते हसले. "मी ताग्याचं वजन करून त्यात टॉवेल किती ते सांगतो का? आधी पन्हा बघतो, कापडाची रुंदी. पन्ह्यात चार बसले आणि वर अर्धा उरला, तर तो अर्धा म्हणजे चिंधी."

तसंच होतं. चारही बाजूंनी दीड-दीड फूट वाढप्यासाठी सोडले की 45 बाय 80 राहतात. दहा फुटाला एक टेबल, म्हणजे रुंदीत चार, लांबीत आठ, बत्तीस. रुंदीतली पाच फुटांची पट्टी पार ऐंशी फूट लांब रिकामी जाते. माझी आठ टेबलं त्या चिंधीत आणि कडेच्या वाटेत गेली होती.

मग मामांनी चहाच्या बश्या मागवल्या आणि टेबलावर मांडल्या. दुसरी ओळ अर्ध्या बशीने सरकवली, तशी ती पहिल्या ओळीच्या खाचेत आत शिरली. उरलेली पाच फुटांची पट्टी बरोबर त्या सरकण्याला कामी आली. ओळीत टेबलं चारच, पण दोन ओळींमधलं अंतर दहावरून आठ फूट आठ इंचावर आलं. ऐंशी फुटांत आठऐवजी नऊ ओळी. छत्तीस टेबलं, 288 पानं, आणि कडेपासून कडेपर्यंतचे पाच फूट कुठेही मोडले नाहीत.

आठ फूट आठ इंच हमालाला टेपवर शोधायला लावू नका. मामांनी कारखान्यातलं सूत पिळून लाल दोर करून दिले, दहा-दहा फुटांचे. शेजारच्या दोन टेबलांच्या मध्यावर एकेक माणूस दोराचं टोक धरून उभा राहतो, तिसरा दोन्ही दोरांची दुसरी टोकं ताणून जिथे जुळतात तिथे खडूने फुली मारतो. तिथे पुढच्या ओळीचं टेबल. सुताचा दोर वापरून ताणतो, म्हणून दरवर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मी सगळे दोर टेपला लावून बघतो. पौषात माणसांची लग्नं नसतात, हात मोकळे असतात. त्या दिवसांत लग्न लागतं ते सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं, त्याला टेबलं लागत नाहीत.

नवीन पोरांना सांगतो, ही तिरकी मांडणी सगळीकडे चालत नाही. दोन्ही बाजू नेमक्या दहाच्या पटीत असतील तर उलट तोटा होऊ शकतो. 40 बाय 60 मध्ये सरळ चोवीस बसतात, तिरकी मांडाल तर एक ओळ आड एकेक टेबल कमी होऊन बाविसावर याल. आणि पार्टी म्हणाली ‘पाच फुटीला दहा बसवा’, तर नाही म्हणा. आठ माणसांना जेमतेम दोन-दोन फूट कड येते, दहांना एकोणीस इंच. ताट तेरा इंचाचं, मग कोपर कुठे ठेवायचं? सहा फुटी घेतलं तर दहा बसतात, पण मधली शेंगाचटणीची वाटी कोणाच्या हाताला येत नाही, आणि जागेत माणशी फार तर अर्धा चौरस फूट वाचतो. पत्रकावर विश्वास ठेवू नका. टेप घेऊन स्वतः जा, खांब मोजा, दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघा.

मामांच्या मुलीचं लग्न त्याच हॉलला, छत्तीस टेबलांनी झालं. त्यानंतर गाडी रुळावर आली. मधली वर्षं बरी गेली, टेबलं चाळीसची एकशेवीस झाली, टेम्पो परत आला. 2020 ला पन्नास माणसांची मर्यादा आली तेव्हा सात टेबलांवर सीझन काढला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मामा आता नाहीत. परवा त्यांचा नातू आला होता, त्याच्या लग्नासाठी तोच हॉल धरलाय. मी दोर घेऊन गेलो. हॉलवाल्याने आता दोन बाजूंना एसीचे टॉवर उभे केलेत, त्यात दोन टेबलं जातात. नातवाला सांगितलं, चौतीस. तो मोबाइल चाळत म्हणाला, "काका, त्या दुसऱ्यांनी चाळीस सांगितलेत."

बयाणा अजून घेतलेला नाही.