तुम्ही विचारलंत म्हणून: पन्हळ कोणती घेऊ?

छताला पन्हळ लावायचीय, पीव्हीसी घेऊ का अ‍ॅल्युमिनियम? हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्याला हेच पाठवणार.

मी पीव्हीसी घेतली होती. हो, स्वस्त म्हणून, गंजत नाही म्हणून आणि पांढरी छान दिसते म्हणून. तिन्ही कारणं आजही खरी आहेत, तेव्हा हसू नका.

पहिल्याच मोठ्या पावसात रात्री दोनला आईनं हाक मारली, भिंत ओली लागतेय रे. टॉर्च घेऊन बाहेर गेलो तर पन्हळ तुडुंब, आणि पाणी पुढून सांडायचं सोडून मागच्या काठावरून भिंतीला धरून खाली उतरत होतं, गुपचूप, आवाज झाला असता तर आधी कळलं तरी असतं. पुढचा काठ मागच्यापेक्षा किंचित खाली हवा, म्हणजे पन्हळ भरली तरी पाणी बाहेर पडतं. आमचं उलटं बसवलेलं. बसवणाऱ्यानं बघायला नको? पण ब्रॅकेट दीड-दीड मीटरवर मार, पुरतात, असं त्याला सांगणारा शहाणा मीच, मग मधे झोळ पडणारच. मी शिडीवर चढून मगानं पाणी उपसतोय आणि आई खालून ओरडतेय, उतर आधी, भिंत काय उद्या वाळेल. नाही वाळली. कपाटाच्या पाठीला बुरशी आली आणि आतले तिचे जुने फोटो एकमेकांना चिकटले ते चिकटलेच.

मग हिशेब केला, जो आधी करायचा असतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ६० चौरस मीटर छत, तासाला ५० मिलिमीटर पाऊस, झाले ३००० लिटर, आणि खाली आणायला पाइप एकच, बारीक, तोंडाशी पानं. तांब्याची लावली असती तरी तुंबली असती.

आता अ‍ॅल्युमिनियमची आहे, अखंड, जोड फक्त कोपऱ्यात, पाइप दोन, ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर, १० फुटांना पाव इंच उतार. गळत नाही. पण ते अ‍ॅल्युमिनियममुळे की दुसऱ्या पाइपमुळे? सगळं एकदमच बदललं, आता कसं कळणार. पीव्हीसीच नीट बसवली असती तर भागलं असतं, असं आधीचा मी म्हणेल. म्हणू दे. पण ४ मीटरचा पीव्हीसीचा तुकडा २५ डिग्रीच्या फरकात साधारण ६ मिलिमीटर वाढतो, जोडात तेवढी जागा सोडावी लागते, आणि बसवणाऱ्यानं सगळे जोड सोल्युशननं चिकटवलेले, ते मी उभा राहून बघितलंय.

तेव्हा मटेरियल नंतर विचारा, आधी छत केवढं ते सांगा. आणि जवळ झाडं आहेत का तेही, कारण पानांचं मला अजून जमलेलं नाही, जाळी लावली तर आता जाळीवर साचतात.