छापखान्याचे तासही सरावात धरावे लागतात

गोव्यातल्या फोंड्यातील आमचा छापखाना बाबांनी सुरू केला आणि गेली काही वर्षे तो मी चालवते. एक ऑफसेट यंत्र, एक कटिंग मशीन, एक मशीनमन, डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, सांभाळणारी एक मुलगी आणि बाइंडिंगसाठी हंगामापुरती येणारी दोन माणसे, एवढाच आमचा पसारा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पणजीला झालेल्या, पोहणे, सायकल आणि धावणे अशा आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेसाठी मी त्या वर्षीच्या जूनपासून सराव केला. छापखाना सांभाळून हे कसे जमवले, असे मला अजूनही विचारले जाते, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वेळापत्रक हवे असते. वेळापत्रक माझ्याकडेही होते आणि ते चांगले होते. तरीही ऑगस्टमध्ये ते माझ्या उपयोगी पडले नाही. तेव्हा काय घडले आणि त्यानंतर मी काय बदलले, ते इथे सविस्तर लिहिते.

गोव्यात ही स्पर्धा पहिल्यांदा २० ऑक्टोबर २०१९ रोजी मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, लगेच ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे, असे मिळून ११३ किलोमीटर होतात. मैलांत मोजले तर ७०.३, आणि स्पर्धेचे नावही त्यावरूनच आले आहे. त्या दिवशी मी काठावर उभी राहून पाहत होते. पुढची दोन वर्षे महामारीत गेली आणि २०२२ मध्ये नोंदणी सुरू होताच मी नाव दिले.

पहाटे साडेचार ते साडेसात सराव, नऊ ते सात छापखाना, रविवारी लांब पल्ल्याची सायकल, असा माझा आराखडा होता. कागदावर त्यात एकही तास दोनदा मोजलेला नव्हता. पावसाळ्यात आमच्याकडे समुद्रात उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे, त्यामुळे पोहण्यासाठी कांपालच्या जलतरण तलावावर आठवड्यातून दोनदा जावे लागे आणि कागदाच्या खरेदीची पणजीतील फेरी मी त्याच दिवसांना जोडून घेतली होती. धावण्यासाठी फर्मागुडीचा चढ घराजवळच आहे. जून आणि जुलै असे सुरळीत गेले.

मग पंचायत निवडणुका आल्या. १० ऑगस्टला मतदान होते, आणि आमच्यासारख्या लहान छापखान्याला निवडणूक म्हणजे दोन-तीन आठवड्यांत तीन महिन्यांचे काम. त्यात पावसाळा. कागद हवेतील ओलावा शोषून घेतो, त्याच्या कडा लाटांसारख्या होतात, यंत्र एकाऐवजी दोन ताव उचलते, रंगांचे रजिस्टर हलते, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसत नाही, आणि दर थोड्या वेळाने यंत्र थांबवावे लागते. जे काम मे महिन्यात चार तासांत उरकते, त्याला ऑगस्टमध्ये सात लागतात. मोठ्या आकाराच्या मॅप्लिथो या छपाईच्या कागदाचे एक रीम, म्हणजे पाचशे ताव, अठरा-एकोणीस किलो भरते. दिवसभरात अशी वीस रीमे मी आणि मशीनमन मिळून इकडून तिकडे हलवत होतो. रात्री दोनला झोपायचे आणि साडेचारला उठून सायकल बाहेर काढायची, असे मी सलग चार दिवस केले, कारण आराखड्यात तसे लिहिले होते आणि आराखडा मोडणे मला हार मानल्यासारखे वाटत होते.

त्या रविवारी खांडेपार, उसगाव करत पावसात सत्तर किलोमीटर सायकल चालवून मी परतले, आंघोळ केली आणि एका उमेदवाराच्या पत्रकाचे मुद्रित, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, वाचून त्यावर सही केली. प्रभागाचा क्रमांक चुकला होता. दोन हजार प्रती छापून, कापून, बांधून तयार झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कार्यकर्त्याने तो आकडा मला दाखवला. मी सगळे काम स्वखर्चाने पुन्हा छापून दिले. कागदाच्या पैशांपेक्षा मला लागले ते हे की बाबांच्या काळापासून आमच्या सहीला जी किंमत होती ती मी त्या दिवशी कमी केली. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, मी त्यावरून पेन्सिलही फिरवली होती, आणि तरीही तो मला दिसला नव्हता.

आपल्याला वेळ कमी पडतो असे मी तोपर्यंत धरून चालले होते. प्रत्यक्षात वेळ होता. शिल्लक नव्हती ती शक्ती, कारण छापखान्यात खर्च होणारी शक्ती मी कुठे मांडतच नव्हते.

सरावाचा भार मोजण्याची एक सोपी पद्धत अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली. सराव संपल्यावर तो किती जड गेला याला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायचा आणि त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. तीन तासांची सायकल पाच इतकी जड गेली, तर १८० गुणिले ५ म्हणजे ९०० झाले. ही पद्धत खेळाडूंच्या सरावासाठी आहे, दुकानदारीसाठी नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ऑगस्टच्या त्या आठवड्यानंतर मी छापखान्याचा दिवसही त्याच वहीत लिहून पाहिला. आठ तास उभे राहण्याला आणि रीमे उचलण्याला मी फक्त दोन हा आकडा दिला, तर ४८० गुणिले २ म्हणजे ९६०. रविवारच्या सायकलीपेक्षा साधा कामाचा दिवस जड निघाला, आणि असे दिवस आठवड्यात सहा होते. मी मात्र स्वतःला सोमवारी ‘विश्रांतीचा दिवस’ लिहून देत होते.

दुसरा खर्च डोक्याचा. २००९ मध्ये सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना एकदा दीड तास संगणकावर सतत लक्ष द्यावे लागेल असे काम दिले, दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ माहितीपट दाखवला, आणि दोन्ही वेळा नंतर थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. माहितीपटानंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोक्याच्या कामानंतर ६४०. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत या फरकाचे कारण सापडले नाही. तेवढेच श्रम त्यांना अधिक जड वाटत होते, म्हणून ते आधी थांबले. दीड तास मुद्रित वाचणे याहून काही वेगळे नाही. रात्री लग्नपत्रिका तपासून पहाटे धावायला निघाल्यावर फर्मागुडीचा ओळखीचा चढ एखाद्या दिवशी दुप्पट का वाटे, याचे उत्तर मला त्यात मिळाले. उलट दिशेने, म्हणजे शरीर थकल्यावर डोक्याचे काय होते, ते प्रभागाच्या त्या आकड्याने आधीच शिकवले होते.

बदल फार केले नाहीत. लांब सायकलीच्या दिवशी कोणत्याही मुद्रितावर सही करायची नाही, हा पहिला नियम केला आणि तो आजही पाळते. यंत्र रात्री नऊनंतर चालले, तर दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा सराव आपोआप रद्द धरायचा. तो पुढे कधी ‘भरून काढायचा’ नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तर छापखाना बंदच असतो, सगळे आपापल्या गावी जातात; ३१ ऑगस्टनंतरचे ते दिवस मी आराखड्यातली सायकल सोडून झोपेसाठी दिले आणि त्याचा लाभ सप्टेंबरभर जाणवला. आम्ही जीएसटीची विवरणपत्रे तिमाहीने भरतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये १३ आणि २२ या दोन तारखा आधीच ठरलेल्या असतात; त्यांच्या आसपासचे दिवस मी सरावासाठी हलके ठेवले. ऑक्टोबरच्या दमट उन्हात घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. शरीराला त्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून दोन आठवडे दुपारच्या सुट्टीत कवळ्याच्या रस्त्यावर चाळीस मिनिटे सावकाश धावले. मिरामारच्या समुद्रातही त्याच महिन्यात उतरले. पावसानंतरच्या त्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नव्हता आणि पहिल्या दिवशी मी दहा मिनिटांत बाहेर आले.

सर्वांत अवघड बदल शेवटी करावा लागला. ५ नोव्हेंबरला तुळशीचे लग्न, म्हणजे आमची व्हडली दिवाळी, झाली की लग्नपत्रिकांची रीघ लागते, आणि त्यातच जत्रांच्या नाटकांची पोस्टरे येतात. स्पर्धा १३ तारखेला, रविवारी होती. शेवटच्या आठवड्यात सराव कमी करून अंगातला शीण जाऊ द्यायचा असतो. तो मोकळा झालेला वेळ मी छापखान्यात घातला असता, तर हाती काहीच उरले नसते. म्हणून अंतिम मुद्रिताची सही शुक्रवारपासून डीटीपीवरच्या मुलीकडे द्यायचे मी ठरवले. बाबांनी आजवर कधी घराबाहेरच्या माणसाच्या सहीवर यंत्र चालू केले नव्हते.

“बाये, पत्रिकेवर सही कोण करणार?” त्यांनी दोनदा विचारले.

“ती करील, बाबा. तुम्ही तिच्या शेजारी बसा आणि मूळ प्रत मोठ्याने वाचा. ती छापलेल्यावर नजर ठेवील.”

पूर्वी शिशाच्या खिळ्यांनी अक्षरे जुळवण्याच्या काळात मुद्रिते अशीच तपासली जात. एक जण वाचणारा, एक जण पाहणारा. ही पद्धत आमच्याकडे मीच, घाईच्या नावाखाली, बंद केली होती. बाबा काही बोलले नाहीत, पण शुक्रवारी सकाळी चष्मा पुसून वेळेवर येऊन बसले.

स्पर्धा मी सात तास एकोणपन्नास मिनिटांत पूर्ण केली. सोमवारी छापखान्यात पोचायला मला बारा वाजले आणि पायऱ्या चढताना कठड्याला धरावे लागले. टेबलावर तीन पत्रिका सही होऊन पडल्या होत्या आणि यंत्र चालू होते. आत बाबा चौथी पत्रिका वाचत होते, मुलाच्या आजोबांचे नाव, मग गाव, मग मुहूर्ताची वेळ, प्रत्येक अंक सुटा उच्चारून, आणि ती मुलगी पेन्सिल फिरवत “हो” म्हणत होती. मी दाराजवळच्या कागदाच्या रीमांवर बसले आणि त्यांचे वाचन संपेपर्यंत मध्ये बोलले नाही.