एशेलची सावली

हिब्रू धर्मग्रंथातली बहुतेक झाडं कमावती आहेत. जैतून तेल देतो, अंजीर, डाळिंब, खजूर पोट भरतात, लबानोनचा देवदार तर थेट शलमोनाच्या मंदिराला लाकूड पुरवतो. माझा जीव मात्र एशेलवर. झाऊच्या जातीचं हे वाळवंटी झाड. खाण्याजोगं फळ नाही, पानं म्हणजे नुसते हिरवे खवले, आणि खाऱ्या जमिनीतून आलेलं मीठ ते त्या पानांतूनच बाहेर टाकतं. देण्यासारखी काय ती सावली.

असलं झाड ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम लावतो, तेही शंभरीत! उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात आधी विहिरीचं भांडण आहे. अबीमलेख राजाच्या माणसांनी ती बळकावलेली. मग सात मेंढ्या, शपथा, करार. तंटा मिटला आणि या गृहस्थानं बैर-शेबाला एशेल लावला. राहणार तंबूत, मुलूख दुसऱ्याचा. जमिनीचा पहिला तुकडा तो विकत घेतो तो पुढे, बायकोला पुरण्यासाठी, ४०० शेकेल चांदी मोजून. तंबू गुंडाळून नेता येतो. झाड लावणारा बहुधा मुक्काम लांबवायच्या बेतात असतो. तालमूद या ज्यूंच्या जुन्या टीकाग्रंथातल्या पंडितांचं एवढ्यावर भागत नाही. एक म्हणतो, ती फळबाग होती. दुसरा म्हणतो, झाड कसलं, वाटसरूंसाठी धर्मशाळा! मला दोन्ही पटत नाही, पण धर्मशाळावाल्याचं मन कळतं. वडाचे पार बघत वाढलेल्यांना सावली म्हटली की तिथे टेकलेला पाहुणा दिसतोच.

पुढचा एशेल शमुवेलाच्या पुस्तकातला, गिबाच्या टेकडीवरचा. त्याच्याखाली इस्राएलचा पहिला राजा शौल बसलाय, हातात भाला, भोवती चाकर, आणि तक्रार एकच: सगळे माझ्या प्रतिस्पर्ध्याला, दावीदाला सामील, मला कुणी काही सांगत नाही. याच प्रकरणात नोब गावच्या ८५ याजकांना मारायचा हुकूम सुटतो.

तिसरा याबेश गावचा. लढाईत शौल पडतो, शत्रू पलिष्टी लोक त्याचं धड बेथ-शानच्या तटावर टांगतात. याबेशचे लोक रात्रभर चालून ते काढून आणतात आणि अस्थी एशेलखाली पुरतात. शौलानं राजेपणाच्या सुरुवातीला त्यांचं गाव वाचवलं होतं, म्हणून.

हीच हकिगत धर्मग्रंथातल्याच ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात पुन्हा येते, तेव्हा लेखकानं एशेल गाळून एला नावाचं दुसरंच मोठं झाड घातलंय. राजाच्या अस्थींना जरा भारदस्त झाड हवं, असं वाटलं असेल बिचाऱ्याला. मी शमुवेलाच्या पुस्तकाच्या बाजूनं. भाला घेऊन बसायला एशेल चालत होता, तर पुरायलाही चालेल.