मनाली-लेह सायकलवर: सस्पेंशनची सर्व्हिस कधी, कुठे आणि किती

मनाली ते लेह रोहतांगमार्गे सुमारे ४७५ किलोमीटर, आमच्या फेरीत दहा दिवस, प्रत्यक्ष चाकं फिरली ते ५६ तास. सस्पेंशनच्या दृष्टीने यातला कामाचा आकडा शेवटचा. फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या आणि दणके सोसणाऱ्या चिमट्याचं, आयुष्य किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. रॉकशॉक्स लोअरची, म्हणजे फोर्कच्या खालच्या जाड नळ्यांची, सर्व्हिस ५० तासांनी करायला सांगते. डॅम्पर (तेलाने हालचाल आवरणारा भाग) आणि एअर स्प्रिंगची (हवेची स्प्रिंग) मॉडेलप्रमाणे १०० किंवा २०० तासांनी. फॉक्सचा हिशेब १२५ तास किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. सनटूरचे टप्पे ५० आणि १०० तासांचे. हे आकडे साधारण वापराचे आहेत. धूळ, चिखल आणि पाणी असेल तर सगळेच निर्माते ते कमी करायला सांगतात. म्हणजे मनाली-लेहची एक फेरी हा लोअरच्या सर्व्हिसचा एक पूर्ण टप्पा आहे. निघताना फोर्कवर आधीचे ४० तास झालेले असतील, तर लेहला पोचेपर्यंत ते तेल जवळजवळ शंभर तास चालवलेलं असेल.

पुण्या-मुंबईच्या मंडळींची इथेच चूक होते. ऑगस्टमध्ये लेहला जायचं म्हणून सराव जून-जुलैत होतो. सिंहगडाच्या घाटात, ताम्हिणीत, मावळातल्या चिखलात. पावसातले हे तास हिशेबात धरलेच जात नाहीत, कारण सायकल घरी आल्यावर धुतलेली असते आणि चकचकीत दिसते. फोर्कमध्ये शिरलेलं पाणी बाहेरून दिसत नाही. पावसातला एक तास दोन धरावा, हा आमचा हिशेब. तास मोजायला वेगळं काही लागत नाही. फोनवरच्या राइडच्या नोंदीतला ‘मूव्हिंग टाइम’ बघावा.

ताफ्यात चार सायकली होत्या: एअर (हवेच्या) फोर्कच्या दोन हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेंशन असलेल्या, कॉइल (लोखंडी स्प्रिंगच्या) फोर्कची एक आणि पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेंशन असलेली एक फुल सस्पेंशन. दोन एअर फोर्क एकाच मॉडेलचे. एकाची लोअर सर्व्हिस निघण्याच्या आठवडाभर आधी झाली होती, दुसऱ्याची ‘आल्यावर करू’ म्हणून राहिली होती. पहिले चार दिवस दोघांत काही फरक जाणवला नाही. तो पुढे दिसला.

निघण्यापूर्वीची लोअर सर्व्हिस घरी करता येते, दीड-दोन तासांचं काम आहे. चाक काढा, फोर्कमधली हवा पूर्ण सोडा. उजवीकडे खाली रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा, नॉब असेल तर तो काढून घ्या. तळाचे दोन्ही बोल्ट तीन-चार आटे सैल करा, अॅलन की बोल्टमध्ये बसलेली असतानाच तिच्यावर प्लॅस्टिकच्या हातोडीने एकदोन ठोके द्या. आतला दांडा सुटल्याचं हाताला कळतं. मग बोल्ट पूर्ण काढा, खाली ट्रे ठेवून तेल गाळा आणि लोअर खाली ओढून घ्या. लोखंडी हातोडी थेट बोल्टवर मारली तर दांड्याचे आटे चेपतात आणि मग खर्च मोठा येतो.

निघालेलं तेल नीट बघा. पिवळसर किंवा किंचित मळकट असेल तर वेळेवर उघडलंत. काळं-राखाडी असेल तर उशीर झाला. दुधासारखं पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय. वायपर सील, म्हणजे लोअरच्या तोंडाशी धूळ-पाणी अडवणारे रबर, बदलायचे. सीलच्या खाली स्पंजाची रिंग असते, ती बहुतेकजण विसरतात. ती काढून स्वच्छ करा, नव्या सस्पेंशन तेलात बुडवून परत बसवा. स्टँक्शनला, म्हणजे वरच्या चकचकीत नळीला, तेल पुरवण्याचं काम हीच रिंग करते. सीलच्या आतल्या ओठावर सस्पेंशनची पातळ ग्रीस लावा. बेअरिंगची साधी घट्ट ग्रीस नको, तिने फोर्क जड होतो.

लोअर अर्धवट चढवून सायकल तिरकी उलटी धरायची आणि तळाच्या भोकांतून सिरिंजने तेल सोडायचं. किती, ते मॉडेलवर आहे: काहींत एका बाजूला ५ मिली, काहींत ४० मिलीपर्यंत, आणि दोन्ही बाजूंना सारखं असेलच असं नाही. निर्मात्याच्या तक्त्यात बघूनच घाला. जास्त तेलाने फोर्क मऊ होत नाही, उलट आतली हवेची जागा कमी होऊन फोर्क शेवटपर्यंत दबत नाही. बोल्टखालचे क्रश वॉशर (आवळल्यावर चेपून तेल अडवणाऱ्या चकत्या) नवे घाला. रॉकशॉक्सच्या बऱ्याच फोर्कना हे बोल्ट ७.३ न्यूटन मीटरला आवळतात. तुमच्या फोर्कचा आकडा तक्त्यात मिळेल. अंदाजाने आवळण्याची जागा ही नव्हे.

कॉइल फोर्कमध्ये बहुधा तेल नसतं, ग्रीसच असते. तो उघडून जुनी ग्रीस पुसून नवी लावणं एवढंच काम, पण त्याच्या मालकांना ‘ह्याला सर्व्हिस लागत नाही’ असं दुकानातच सांगितलेलं असतं. लागते. तासांचं गणित त्यालाही तेच.

सायकल पॅक होऊन आठवडाभर पडून राहिली असेल तर मनालीत जोडल्यावर पाच-दहा मिनिटं उलटी ठेवा. तळातलं तेल स्पंजाच्या रिंगपर्यंत येतं आणि पहिले काही किलोमीटर सील कोरडे घासले जात नाहीत.

रोहतांग (३,९७८ मीटर) चढताना फोर्क लॉक ठेवायला, म्हणजे दबणार नाही असा करायला, हरकत नाही. उतरताना आधी लॉक उघडा. ग्राम्फू-कोकसरच्या बाजूला रस्ता फुटलेला आहे, आणि स्वस्त फोर्कचा लॉक खड्ड्याच्या एका दणक्याने कायमचा जातो. महागड्या फोर्कमध्ये दणक्याला आपोआप उघडणारी झडप असते, स्वस्तात ती नसते. या उतारावरच कॉइल फोर्कच्या डाव्या पायाचा बोल्ट सैल झाला. सिस्सूला ‘हँडल वाजतंय’ म्हणून हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तो फ्रेमचा सांधा, आवळणं सुरू झालं होतं. हेडसेट आणि फोर्क यातला फरक असा ओळखा: पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, एक बोट हेडसेटच्या सांध्यावर ठेवा, मग तेच सीलच्या कडेवर. जिथे खट्ट होतं तिथे दोष. सीलजवळ हलत असेल तर बोल्ट सैल असेल किंवा आतल्या बुशिंग (वरच्या नळ्या ज्यांतून सरकतात त्या कड्या) झिजल्या असतील. बोल्ट आवळून जात असेल तर वाटेतच सुटका. बुशिंग असतील तर त्या प्रवासात काही करता येत नाही, सावकाश चालवायचं.

केलाँग, जिस्पा, दारचापर्यंत काही विशेष नाही. फक्त केलाँगला सायकल प्रेशर जेटने धुवू देऊ नका. जेट सीलच्या ओठाखालून पाणी आणि माती दोन्ही आत ढकलतो. ओल्या फडक्याने पुसणं पुरे. तिथून लेहपर्यंत सस्पेंशन उघडणारं कोणी भेटेल असं धरून चालू नका.

झिंगझिंगबार ते बारालाचा (सुमारे ४,८९० मीटर) पाण्याचे ओढे रस्त्यावरून वाहतात. बर्फ वितळून दुपारनंतर ते फुगतात, म्हणून सकाळी लवकर पार करा. चाकाच्या आसापर्यंतच्या पाण्याने फोर्कचं बिघडत नाही, त्याचा त्रास हबच्या बेअरिंगना जास्त. पाणी सीलच्या उंचीला आलं तर मात्र सायकल उचलून न्या.

आता हवेची गोष्ट. या रस्त्यावर सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. पंपाचा काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. पुण्यात बाहेरचा दाब सुमारे १३.७ पीएसआय (पंपावरचं दाबाचं माप), तगलांग ला खिंडीत (५,३२८ मीटर) साधारण ७.५. फोर्कमध्ये तेवढीच हवा असूनही वर तो सहा पीएसआयने कडक वागतो. थंडी मात्र उलट दिशेने ओढते. पुण्यात २७ अंशाला ८० भरलेला फोर्क सर्चूला (४,२९० मीटर) पहाटे ३ अंशाला सुमारे ७८ भरतो, आणि दुपारी उन्हात २० अंशाला ८३. त्यामुळे पहाटे मऊ वाटला म्हणून पाच-सहा पीएसआय भरले, तर दुपारी गाटा लूप्सच्या २१ वळणांवर हातांना दणके बसतात. दाब तपासायचा तर रोज एकाच वेळी, सायकल अर्धा तास उन्हात उभी असताना. शिवाय पंप जोडला की नळीत हवा भरते आणि काटा खरा आकडा दाखवत नाही, थोडा कमीच दाखवतो. ‘हवा गेली’ अशी तक्रार बरेचदा यातूनच निघते. हवा भरल्यावर फोर्क दहा वेळा दाबा, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यातली हवा समान होते. मग पुन्हा बघा.

आकड्यापेक्षा सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर फोर्क किती दबतो ते, पाहणं भरवशाचं. स्टँक्शनवरची रबर रिंग सीलला टेकवा, सामानासकट सायकलवर बसा, हळू उतरा. १०० मिमी दबणाऱ्या फोर्कला २० ते २५ मिमी सॅग या रस्त्याला ठीक. मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के. रिंग नसेल तर बारीक केबल टाय बांधा.

लोअरमध्ये कोंडलेली हवा हा वेगळाच विषय, आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. पुण्यात लोअर बंद केले तेव्हा आत पुण्याची हवा अडकली. पाच हजार मीटरवर ती बाहेरच्यापेक्षा सहा पीएसआय जास्त दाबाची होते. फोर्क पूर्ण दबत आला की अकारण ताठरतो, सील बाहेरच्या बाजूला ढकलले जातात, घर्षण वाढतं. काही महागड्या फोर्कना मागे छोटी बटणं असतात. फोर्क न दाबता पूर्ण लांबीला ठेवून ती दाबली की फुस्स होतं, काम संपलं. बटणं नसतील तर स्टँक्शन आणि सील पुसून पातळ, गुळगुळीत कडेचा केबल टाय सीलच्या ओठाखाली अलगद सरकवायचा. टोक धारदार नको, स्क्रूड्रायव्हर तर मुळीच नको. एका ओरखड्याने सील कायमचा गळू लागतो. एकदा सर्चूला, एकदा पांगला एवढं पुरे. उतरताना उलटं होतं: आत विरळ हवा, बाहेर दाट. तेव्हा हवा सीलमधून आत ओढली जाते, आणि सीलवर धूळ असेल तर तीही. तगलांग लाच्या माथ्यावर उतार सुरू करण्याआधी स्टँक्शन पुसण्याचं कारण हे.

लाचुलुंग ला (५,०६५ मीटर) ओलांडून पांग, आणि पुढे मोरेचं पठार. रस्ता जिथे डांबरी आहे तिथे आरामात जाता येतं, पण वळसे आणि मातीचे पट्टे लागतात तिथे पत्र्यासारख्या लाटा असतात. यावर रिबाउंड महत्त्वाचा. तो हळू ठेवला तर फोर्क एका लाटेतून वर येण्याआधी दुसरी येते, तो खालीच बसत जातो आणि शेवटी काठीसारखा वागतो. पहाटे थंडीने तेल घट्ट होऊन रिबाउंड आणखी मंदावतो. निघताना दोन क्लिक उघडा, ऊन चढल्यावर परत आणा.

सर्व्हिस राहिलेला फोर्क मोरेवरच बोलायला लागला. छोट्या लाटांवर तो हलेना, मोठ्यावर एकदम खाली जायचा. स्टँक्शनवर प्रत्येक वर-खाली हालचालीला तेलाची पातळ रेघ दिसायला हवी; ती दिसत नव्हती, करडी कोरडी कडा दिसत होती. सर्व्हिस केलेला शेजारचा फोर्क त्याच दाबावर त्याच रस्त्याला नीट चालत होता. वाटेत करण्यासारखं एवढंच: सील पुसून स्टँक्शनवर सस्पेंशन तेलाचे दोन थेंब, फोर्क दहा-बारा वेळा दाबायचा, वर आलेली काळी कड पुसायची, सायकल रात्री उलटी ठेवायची. रात्रीनंतर थोडा सुधारला. डब्ल्यूडी-४० मात्र मारू नका. ते आतली ग्रीस पातळ करून धुऊन काढतं आणि दोन तासांनी अवस्था आधीपेक्षा वाईट होते.

फुल सस्पेंशनवाल्यांसाठी एक इशारा. मागचा शॉक दाबला जाऊन वर येईनासा झाला, तर हवेच्या एका कप्प्यात दाब अडकलेला असतो. एअर कॅन (शॉकची हवा भरलेली नळी) वाटेत उघडू नका, ती सुटून डोळ्यांवर येऊ शकते. तो शॉक कारखान्याच्या सर्व्हिस सेंटरचाच. बाकी मागच्या पिव्हटचे, म्हणजे फ्रेमच्या हलत्या सांध्यांचे, बोल्ट केलाँगला आणि पांगला एकेकदा टॉर्क कीने तपासा.

बरोबर घ्यायचं सामान थोडं: शॉक पंप, ४-५-६ मिमीच्या अॅलन की, छोटी टॉर्क की, २० मिली सस्पेंशन तेल गळणार नाही अशा बाटलीत, दोन क्रश वॉशर, स्वच्छ सुती फडकी चार, केबल टाय. सीलचा संच नेला तरी वाटेत बसवायला जाऊ नका. उघड्यावर धुळीत फोर्क उघडणं म्हणजे आत वाळू भरणं.

पुण्यात परतल्यावर दोन्ही एअर फोर्क उघडले. सर्व्हिस केलेल्यातून मळकट पण वाहतं तेल निघालं, स्पंज राखाडी, बुशिंग ठीक. दुसऱ्यातून चमचाभरही तेल निघालं नाही, काळा चिकट लगदा निघाला, आणि डाव्या स्टँक्शनच्या मागच्या बाजूला कोटिंग घासून दोन बोटं लांब पांढुरका पट्टा पडला होता. कोटिंग गेलं की ते परत बसत नाही, क्राउनसकट (दोन्ही नळ्या जोडणारा माथा) वरचा भाग बदलावा लागतो. लहान ओरखड्याची गोष्ट वेगळी: २,००० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त वर आलेली कड मारा, खड्डा पारदर्शक नेलपॉलिशने भरा, वाळल्यावर परत सपाट करा.

लेहहून परतल्यावर ‘सायकल ठीक चालतेय’ म्हणून थांबू नका, पहिल्याच आठवड्यात लोअर उघडा. १०० तासांचा टप्पा जवळ असेल तर डॅम्परही त्याच खेपेत द्या. त्याची लक्षणं: रिबाउंडचा नॉब फिरवून फरक पडत नाही, दाबताना चुळचुळ आवाज येतो, लॉक धरत नाही. मग लोअरच्या चाकाकडच्या बाजूला तारीख आणि तास लिहिलेली पट्टी चिकटवा, आणि पुढची सर्व्हिस सह्याद्रीत पावसात फिरणार असाल तर २५-३० तासांवरच लिहून ठेवा.