आमचं कार्टं

१२ जून २०२४च्या रात्री आमच्या हॉलमध्ये जे झालं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे मिसळीला उसळ म्हणण्यासारखं आहे.

आम्ही राहतो फ्रिस्कोत. डॅलसच्या उत्तरेचं हे उपनगर. इथं मराठी माणसं इतकी झालीत की इंडियन स्टोअरमधले जाड पोहे संपल्याची बातमीसुद्धा मराठीतूनच कळते. त्या रात्री एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, सात सामन्यांच्या फायनलमधला तिसरा सामना होता. आमचे डॅलस मॅव्हरिक्स विरुद्ध बॉस्टन सेल्टिक्स. पहिले दोन बॉस्टननं घेतलेले, तिसरा आमच्या घरच्या मैदानावर. शेवटच्या क्वार्टरमध्ये आम्ही २१ गुणांनी मागे होतो. मग काय अंगात आलं कोण जाणे, एक-एक करत पोरांनी अंतर एका गुणावर आणलं. आणि ४ मिनिटं १२ सेकंद उरलेले असताना आमच्या मुख्य खेळाडूचा, लुका डॉन्चिचचा, सहावा फाउल झाला. बास्केटबॉलमध्ये सहावा फाउल म्हणजे उठा आणि बाकावर बसा. हा गडी जमिनीवरूनच आपल्या बाकाकडे बघून रिव्ह्यू मागा, रिव्ह्यू मागा म्हणत होता. मागितला. फेटाळला गेला. सामना ९९-१०६ असा गेला.

हे चालू असताना आमच्या घरात लुकाची आरती सुरू होती. कोल्हापूरकर मित्र म्हणाला, "डिफेन्स म्हणजे काय असतं ते कुणी सांगितलंय का ह्याला? दार सताड उघडं टाकून जत्रंला गेल्यागत खेळतोय." नागपूरकर म्हणाले, "रेफरीशी भांडायचे वेगळे पैसे भेटतात का बे याला? काहून भांडून राहिला?" आणि मी, जिला दोन जिने चढले की धाप लागते, ती म्हणाले, "पोट बघा त्याचं."

सामना संपला आणि टीव्हीवर ब्रायन विंडहॉर्स्ट हा जुना बास्केटबॉल पत्रकार स्टेडियमच्या आतून बोलायला लागला. त्याचं म्हणणं, लुका म्हणजे डॅलसच्या डिफेन्सला पडलेलं भोक आहे आणि बॉस्टन नेमकं तिथूनच घुसतंय. रेफरींशी हुज्जत घालणं थांबव असं त्याला कितीदा सांगून झालंय. हे असलं खेळणं चालणार नाही.

म्हणजे आम्ही दोन तास जे म्हणत होतो तेच, फक्त टाय लावून.

हॉलमध्ये क्षणभर शांतता. मग कोल्हापूरकर उसळला. "हा कोण टिकोजीराव? कधी बॉल हातात धरलाय का ह्यानं?" नागपूरकर म्हणाले, "छातीत इंजेक्शन घेऊन खेळून राहिला तो पोरगा, अन् हे शहाणे!" मीही मागे नव्हते. २७ गुण कुणी केले, तुझ्या काकानं? असं मी त्या टीव्हीला विचारलं. दहा मिनिटांपूर्वी फिर्यादी असलेली सगळी मंडळी आता काळा कोट चढवून आरोपीच्या बाजूनं उभी होती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात. पण ही म्हण अर्धीच आहे. घरात आपला बाब्याही कार्टंच असतो. दुसऱ्यानं त्याला कार्टं म्हटलं की तेवढ्यापुरता त्याचा बाब्या होतो.

सासूबाई त्या वर्षी दिवाळीनंतर मिरजेहून आल्या, सहा महिन्यांसाठी. बास्केटबॉल त्यांना नवीन, पण संध्याकाळी सगळे एका जागी बसतात आणि आरडाओरडा करतात हे त्यांना आवडलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हा गोरा, गुटगुटीत कोण?" नाव सांगितलं. त्या हसल्या. "नाव लुका आणि लुकडा तर कुठूनच दिसत नाही." तेव्हापासून आमच्या घरात ते नाव जरा ओढूनच घेतलं जातं.

मग मी त्यांना त्याची कुंडली सांगितली. जन्म १९९९चा, ल्युब्ल्यानाचा, म्हणजे स्लोव्हेनियाचा. वडीलही बास्केटबॉलपटू. तेराव्या वर्षी पोरगा एकटा माद्रिदला गेला, रेआल माद्रिदच्या अकादमीत. तिथली भाषा येत नव्हती. सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या संघात, एकोणिसाव्या वर्षी युरोपातल्या क्लबांच्या युरोलीग स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच वर्षी, २०१८ला, डॅलस. सासूबाईंनी यातलं एकच वाक्य धरलं. "तेराव्या वर्षी? एकटा? आईनं पाठवलं कसं?" तिथून पुढे त्या त्याच्या बाजूच्या. एका सामन्यात ७३ गुण केलेत वगैरे सांगण्याची गरजच उरली नाही.

त्याच सुमारास हॉलमधला आमचा जुना वाद पुन्हा निघाला. टीव्हीवरचे पत्रकार लुकाच्या वजनावर एवढे का घसरतात? नागपूरकरांचं मत, तो बाहेरचा आहे म्हणून. इथल्या पोरानं रेफरीला सुनावलं तर तो जिद्दी, बाहेरच्यानं सुनावलं तर रडका. यात अगदीच तथ्य नाही असं मला म्हणवत नाही. वार्षिक मूल्यमापनात माझ्या कामाबद्दल चार ओळी चांगल्या आणि उच्चारांबद्दल एक ओळ 'सुधारणेस वाव' अशी येते, तेव्हा मीही त्याच पक्षात असते.

आणि डॅलसला याचा इतिहास आहे. लुकाच्या आधी इथं डर्क नोवित्स्की होता. जर्मनीतल्या व्युर्झबुर्गचा, १९९८ साली आलेला सात फुटी पोरगा. त्याला वर्षानुवर्षं एकच शब्द चिकटवला गेला, सॉफ्ट. युरोपातला आहे, लांबून बॉल टाकतो, अंगाला अंग लावत नाही, म्हणजे मेणाचा. २००६च्या फायनलमध्ये २-० पुढे असताना डॅलसनं मायामीकडून ओळीनं चार सामने घालवले, झालं, मेण वितळलं. २००७ला संघानं ६७ सामने जिंकले, डर्क लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटनं त्यांना घरी बसवलं. ती ट्रॉफी डर्कला हरून घरी बसल्यावर मिळाली. अशा वेळी माणसानं हसावं कसं, हे त्या समारंभाचे फोटो बघताना मला नेहमी वाटतं.

२०११ला तो पुन्हा फायनलमध्ये, पुन्हा मायामी. चौथ्या सामन्यात अंगात १०१ ताप. खेळला आणि जिंकला. पुढच्या सामन्याआधी मायामीचे दोन तारे, लेब्रन जेम्स आणि ड्वेन वेड, कॅमेऱ्यासमोर खोटं खोटं खोकून दाखवत चालले. डॅलसनं मालिका ४-२ अशी घेतली. तो खोकला इथं अजून कुणी विसरलेलं नाही. जावयाचा रुसवा विसरतील, तो खोकला नाही.

कोल्हापूरकराचं म्हणणं उलटं. "बाहेरचा-आतला काय न्हाय. इथं सगळ्यांनाच सोलत्यात." त्याच २०११च्या फायनलनंतर लेब्रनला जेवढं ऐकून घ्यावं लागलं तेवढं डर्कला दहा वर्षांत मिळून नसेल. आणि वजनाचं म्हणाल तर जुना खेळाडू चार्ल्स बार्कली अलाबामाचा, अस्सल इथला, तरी तरुणपणी त्याला गोल टेकाड म्हणूनच ओळखायचे. तोच बार्कली पुढे टीव्हीवर बसला. २००२ला ह्यूस्टनमध्ये चीनचा याओ मिंग आला तेव्हा बार्कलीनं पैज लावली, हा एका सामन्यात १९ गुण करणार नाही, केले तर सहकाऱ्याच्या ढुंगणाचा मुका घेईन. याओनं थोड्याच दिवसांत २० केले. सहकाऱ्यानं स्वतःची सुटका करून घेत स्टुडिओत गाढव आणलं, आणि बार्कलीनं शब्द पाळला. हे ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे चूक कबूल करायची पद्धत आहे तर यांच्यात."

याच दिवसांत एक प्रसंग घडला. मंडळाच्या हळदीकुंकवाला एक बाई सासूबाईंना म्हणाल्या, "सूनबाईंचं वजन वाढलंय का हो जरा?" आता, ही बाब सासूबाईंनी विमानतळावरच माझ्या नजरेस आणून दिली होती. "सुटलीस गं," हे त्यांचं अमेरिकेच्या भूमीवरचं दुसरं वाक्य. (पहिलं, व्हीलचेअरवाल्याला टिप द्यायची का?) नंतर रोज रात्री तिसरी पोळी वाढतानाही त्या हे बोलायच्या आणि पोळी वाढायच्या. पण त्या बाईंना त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, "अंगानं भरलीये. आधी काय, काडी होती." मी तिळगुळाची वाटी हातात धरून उभीच राहिले. विंडहॉर्स्टची रात्र आठवली.

आणि मग १ फेब्रुवारी २०२५. रात्री अकरा वाजून गेले होते, सासूबाई झोपल्या होत्या, आणि फोनवर बातमी आली की डॅलसनं लुकाला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं. बदल्यात अँथनी डेव्हिस आणि मॅक्स क्रिस्टी हे दोन खेळाडू आणि २०२९चा एक पहिल्या फेरीतला पिक, म्हणजे त्या वर्षी नवा खेळाडू निवडायचा हक्क. बातमी देणाऱ्या शम्स चरानियाचं अकाउंट हॅक झालंय, असंच निम्म्या जगाला वाटलं. त्याला पुन्हा लिहावं लागलं, की खरं आहे. पंचविशीतला, आदल्याच वर्षी संघाला फायनलपर्यंत नेणारा खेळाडू. असल्या पोराला कुणी विकतं?

डॅलसचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी कारण दिलं, डिफेन्सच्या जोरावरच अजिंक्यपद मिळतं असं माझं मत आहे. पाठोपाठ छापून यायला लागलं, वजन, फिटनेस, खाणंपिणं, पोटरीची दुखापत. एक एक मुद्दा वाचत होते आणि कानाच्या पाळ्या गरम होत होत्या. हे सगळं आमच्या हॉलमधलं होतं. सताड उघडं दार कोल्हापूरकराचं, पोट माझं.

आम्ही बोलत होतो, पण कुणी ऐकावं म्हणून कुठं बोलत होतो? आई वैतागून पोराला म्हणते, जा कुठं जायचं तिथं. तेव्हा शेजारच्यानं येऊन पोराची बॅग भरून द्यायची नसते.

दुसऱ्या दिवशी स्टेडियमबाहेर लोक जमले. कुणीतरी शवपेटी आणली होती. त्याच आवारात डर्कचा पुतळा आहे, एक पाय उचलून मागे झुकत बॉल टाकणारा, खाली निष्ठा कधी विटत नाही अशा अर्थाची ओळ कोरलेली. नागपूरकर तिथं जाऊन आले. म्हणाले, एक आडदांड टेक्सन, दाढीवाला, टोपी छातीशी धरून उभा होता, अन् शेजारच्याला सांगत होता, मीच त्याला जाड्या म्हणायचो. पुढे सामन्यांत 'फायर निको'च्या घोषणा सुरू झाल्या. त्या नोव्हेंबर २०२५पर्यंत चालल्या, हॅरिसनची नोकरी जाईपर्यंत.

९ एप्रिलला लुका लेकर्सच्या कपड्यांत परत आला. तिकिटं आमच्या आवाक्यातली नव्हती, पण कोल्हापूरकराला ऑफिसातून एक मिळालं. आम्ही टीव्हीसमोर. सुरुवातीला त्याच्या सात वर्षांची चित्रफीत दाखवली, तो बाकावर बसून बघत होता आणि टॉवेलनं डोळे पुसत होता. सासूबाईही. मग उठला आणि ४५ गुण टाकले. डॅलस हरलं, आणि स्टेडियममधले लोक आपल्याच संघाविरुद्ध टाळ्या वाजवत होते.

प्रत्येक खुर्चीवर संघानं टी-शर्ट ठेवले होते. कोल्हापूरकरानं त्याचा आणून सासूबाईंना दिला. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर लावलं. "हवाला… झा… हवाला कसला गं हा?" ह्वाला झा व्से. स्लोव्हेनियन भाषेत, सगळ्यासाठी आभार. त्या म्हणाल्या, "हवालाच आहे. इकडचा माल तिकडे, आणि पावती म्हणून हा शर्ट." जाताना त्या तो मिरजेला घेऊन गेल्या. घरात पुसायच्या फडक्यांची टंचाई असूनही तो अजून फडकं झालेला नाही.

त्या उन्हाळ्यात लुका बारीक झाला. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला, गाल आत गेलेले, दंड तासून काढल्यासारखे. टीव्हीवरचे लोक लगेच म्हणाले, हे आधी का नाही सुचलं? आमच्या हॉलमध्ये यावर अर्थातच पाऊण तास भांडण झालं.

मी तो फोटो सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, त्यामुळे मला बराच वेळ फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

"अगं बाई," कपाळ म्हणालं, "आता झाला खरा लुकडा. किती रोडावलाय. त्या एंजेलिसात नीट खायला घालत नाहीत वाटतं." मग फोन लांब गेला आणि त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू मात्र बरी आहेस."