कुळें ते दूधसागर, पायी आणि परत

जीपच्या रस्त्याने गोव्यातल्या कुळेंहून दूधसागर धबधब्याचा पायथा साधारण 12 किलोमीटर. जाऊन-येऊन 24, आणि वर शेवटचा किलोमीटरभर दगडधोंड्यांचा पट्टा दोनदा. चढ अंगावर येणारा नाही. माणूस थकतो तो भिजलेल्या पायांनी आणि उशिरा निघाल्यामुळे. पुढचं सगळं डिसेंबरातला कोरडा दिवस धरून लिहिलंय.

आदल्या दिवशीच वनखात्याकडे चौकशी करून परवानगीचं नक्की करा. ही वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते, आणि पायी सोडायचं की नाही हे त्या-त्या वेळच्या आदेशावर ठरतं. जून ते सप्टेंबर जीपा बंद असतात. त्या काळात पाण्याला जोर इतका असतो की या रस्त्याचा विचारही करू नये.

पणजीहून कुळें सुमारे 60 किलोमीटर. मोलेंला हमरस्ता सोडून दक्षिणेला वळायचं. स्टेशनाजवळ पातळभाजी-पाव खाऊन साडेसातला पाऊल उचललं की दिवस हातात राहतो. जीपांची वर्दळ सुरू झाली की रस्त्यावर लाल धुळीचे लोट उठतात. तोंडाला बांधायला ओला रुमाल हवा, आणि जीपचा आवाज आला की वळणाच्या आतल्या अंगाला उभं राहू नका, चाकं तिथूनच जातात.

वाटेत पाणी तीनदा ओलांडावं लागतं, आणि खरं कसब इथेच लागतं. जीप जिथून जाते तिथे तळ सपाट असतो, पण चाकांनी खोल चर पडलेले असतात. त्यांच्या थोडं वरच्या अंगाला, पाणी पसरट आणि खळखळणारं दिसेल तिथून जा. शांत, गडद पाणी म्हणजे खोल पाणी. अनवाणी उतरू नका. गुळगुळीत गोट्यांवर शेवाळ असतं आणि घोटा तिथेच मुरगळतो. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडा, म्हणजे घसरलात तर ओझं झटकता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, आणि एका वेळी एकच पाय हलवायचा. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ जाणवत असेल तर सरळ माघारी फिरा. अवकाळी पावसाच्या दिवसांत आणखी एक खूण लक्षात असू द्या: डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वर घाटात सर पडलेली असू शकते. नितळ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत येऊ लागला, की उंच जागा गाठा.

बहुतेकांचा दिवस बिघडतो तो फोडांनी. ओलं कातडं मऊ पडतं, सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि टाच घासली जाते. त्यामुळे ओलांडायला पट्ट्यांची सँडल, चालायला बूट, आणि शेवटच्या पाण्यानंतर कोरडे सिंथेटिक मोजे. बोटांच्या मधे आणि मांड्यांना आधीच खोबरेल तेल चोळा. टाच चुरचुरली की लगेच पट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

पाणी माणशी 3 लिटर. त्यातल्या एका लिटरात दोन-तीन चमचे कोकमाचं आगळ (मीठ घातलेला दाट रस) घाला, घामातून गेलेलं मीठ त्यातून मिळतं. चघळायला खाजें, म्हणजे गोव्याकडचा गूळ-आल्याचा खाऊ, उत्तम: हलकं, आणि त्यातल्या आल्याने पोटाला बरं. मात्र ते स्टीलच्या डब्यात न्या. धबधब्याजवळच्या माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज चांगला ओळखता येतो.

कुळें सोडलं की मोबाइलची रेंज मिळेल हे धरून चालू नका. सावलीला माट्टी, किंदळ, मधेच बांबूची बेटं. शेकरू दिसण्याआधी ऐकू येतं: वरून खडखडाटी हाक आणि उष्ट्या फळांचा सडा. गवा वाटेत उभा असेल तर थांबायचं, बाजूला जायला त्याला वेळ द्यायचा. टाळ्या वाजवायच्या नाहीत. झुडपांत बसणं टाळा. गोव्याच्याच सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो, त्यामुळे कोरड्या दिवसांत पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, आणि घरी आल्यावर काखा-जांघा तपासून गरम पाण्याने आंघोळ.

साडेतीन-चार तासांत, म्हणजे साडेअकराच्या आत, जीपतळ येतो. पुढच्या दगडांवर पाय ठेवताना काळे, चकाकणारे दगड टाळा, फिकट आणि कोरडे निवडा. मग समोर 310 मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने उतरणारं पाणी. हेच पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळतं. डोहात उतरायचं तर लाइफ जॅकेट लागतं, त्याची सोय कुळेंतच करून या. पोहता येतं म्हणून ते टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की कोसळत्या पाण्याखाली फेस असतो, आणि फेसात शरीर तरंगत नाही.

वरच्या रेल्वेपुलाचा मोह आवरा. रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी घाटाचा चढ 37 मीटरला 1 मीटर, वळणांवर दृष्टी अडते, बोगद्यांत बाजूला व्हायला जागा अपुरी, आणि पाण्याच्या गर्जनेत गाडीचा आवाज हरवतो.

परत फिरायची वेळ 1 वाजताची, फोटो राहिले असले तरी. जीप ज्यांना घेऊन येते त्यांनाच परत नेते, तेव्हा थकल्यावर बसू हा बेत नको. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत साडेपाचलाच अंधारतं. एकला निघालात तर पाचच्या आत कुळें येतं. बॅटरी तरीही पिशवीच्या वरच्या खणात ठेवा, कारण उशीर झालाच तर शेवटचं पाणी अंधुक उजेडात ओलांडावं लागतं आणि गोट्यांवरचं शेवाळ तेव्हा दिसत नाही.